तिची फ्लॉपी, माझा गेम

आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये व्हायरस मी आणला होता.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय. बोललो तर कधीच नाही. बायकोपाशी नाही, आईपाशी नाही, आणि ज्या सरांनी भर वर्गात विचारलं होतं त्यांच्यापाशी तर नाहीच. गोष्ट आता इतकी जुनी झाली आहे की कोणी ऐकली तर हसेल. माझ्या मुलाला फ्लॉपी म्हणजे काय हेच आधी समजावून सांगावं लागेल. पण तेव्हा त्यापायी एका मुलीची हातातोंडाशी आलेली नोकरी गेली. तिच्या वडिलांचं काय गेलं ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि तेव्हाही मी गप्पच बसलो.

आणखी एक कबुली. ते वर्ष माझ्या आयुष्यातलं फार सुखाचं वर्ष होतं. आजही त्याची आठवण आली की आधी बरंच वाटतं, मग बाकीचं आठवतं.

नव्वदचं दशक अर्धं व्हायचं होतं. जुईनगरला स्टेशन नुकतंच झालं होतं आणि आजूबाजूला बिल्डिंगांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते. तिथल्या एका शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर एका ट्रस्टचं संध्याकाळचं कॉलेज चालायचं. टायपिंग, शिवणकाम, वायरमनचा कोर्स, आणि नव्यानेच सुरू झालेला कॉम्प्युटर सॉफ्टवेअरचा एक वर्षाचा डिप्लोमा. मी बी.कॉम.च्या पहिल्याच वर्षाला गटांगळी खाल्ली होती. वडील ठाणे-बेलापूर रोडवर एका केमिकल कंपनीत होते. ते म्हणाले, "घरात बसून भिंतीला टेकू देऊ नकोस. महाप्याला म्हणे कॉम्प्युटरच्या कंपन्या येतायत. जा, काय असेल ते शीक."

काय असेल ते म्हणजे काय, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

वर्गात आम्ही वीस-बावीस जण. दोन गृहिणी होत्या, एक गोदामातला क्लार्क, एक रिटायरमेंटला आलेले पोस्टातले काका, बाकी आम्ही माझ्यासारखे कुठे ना कुठे आपटून आलेले. मशीन सहा, त्यातली दोन बहुतेक वेळ बंद. एका मशीनवर एका पाळीला दोघं, आणि प्रत्येक जोडीला मशीनचाच नंबर. नाव कोणी घ्यायचंच नाही. "ओ पाच नंबर, टाइम संपला!" असा पुकारा व्हायचा. मी चार नंबरवर होतो. माझ्या जोडीला ती.

लॅबमध्ये शिरण्याआधी चपला बाहेर काढायच्या. हे काम पाहायला एक मामा होते, जवळच्याच गावातले. त्यांची शेती आणि मिठागर या शहराखाली गेलेलं, आणि त्याच शहराने त्यांना या दारातल्या स्टुलावर बसवलेलं. "चपला भायेर! पाय झटकून या. मशीनला धूल चालत नाय, धुलीनच व्हायरस होतं," असं ते प्रत्येकाला ऐकवायचे. आत एसी, खिडक्यांना जाड पडदे, मशीनवर शिवलेली कव्हरं. आमच्या कोणाच्याच घरात इतकी निगा कोणाची राखली जात नव्हती. त्यामुळे मामांचं म्हणणं आम्हाला खरंच वाटायचं. व्हायरस म्हणजे साथ, आणि साथ घाणीतून येते, हे तर शाळेतच शिकलेलो.

ती तुर्भ्याच्या दगडखाणीजवळच्या वस्तीतून यायची. घरचे मूळचे परभणीकडचे, बौद्ध. वडील खाणीत दगड फोडायचे. तिला बारावीला चांगले मार्क होते, आणि वस्तीतल्या विहारात जमणाऱ्या मंडळींनी मिळून तिला या कोर्सला घातलं होतं. दाराशी ती सगळ्यांत जास्त वेळ थांबायची. पाय झटकायची, ओढणीचं टोक झटकायची, एकदा तर पर्सही उलटी करून झटकलेली मी पाहिली. मामा म्हणाले, "पुरे गो बाय, आता कातडं काढशील काय?"

"खाणीकडून येते ना मामा. आमच्याकडं भाकरीवरसुद्धा धूळ असते," ती हसत म्हणाली.

आमचे सर दिवसा महाप्याच्या एका कंपनीत प्रोग्रॅमर होते आणि संध्याकाळी शिकवायला यायचे. वयाने आमच्यापेक्षा सहा-सात वर्षांनीच मोठे. त्यांचा एक नियम होता. प्रोग्रॅम आधी वहीत लिहायचा, मग कागदावरच चालवून पाहायचा, त्यावर सरांची सही घ्यायची, आणि मगच मशीनला हात लावायचा. कागदावर चालवून पाहण्याची त्यांची पद्धत मोठी गमतीची होती. एकाने कॉम्प्युटर व्हायचं. दुसऱ्याने आपल्या वहीतली ओळ वाचायची. कॉम्प्युटर झालेल्याने फक्त तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल अजिबात लावायची नाही.

एकदा मी माझा प्रोग्रॅम वाचत होतो आणि ती कॉम्प्युटर झाली होती. प्रत्येक फेरीला ती शेवटच्या बाकापर्यंत जाऊन परत यायची आणि फळ्यावर एक आकडा वाढवायची. दहा झाले, पंधरा झाले, ती फिरतेच आहे. वर्ग खिदळायला लागला.

मी म्हटलं, "अहो, झालं की! थांबा ना आता."

"थांबा असं कुठं लिहिलंय तुम्ही?" चालता चालताच ती म्हणाली. "मी मशीन आहे. मला कुठं अक्कल आहे?"

पोस्टातले काका म्हणाले, "अरे, त्या पोरीला पाणी तरी दे. तुझ्या चुकीनं पनवेलला पोचेल ती."

सर डोळे पुसत हसत होते. मी वहीत थांबण्याची अट लिहिली, तेव्हा कुठे ती बसली. त्या दिवशी मला लूप म्हणजे काय ते कळलं, आणि तेव्हापासून आजवर कधी विसरलो नाही. पुढे पंचवीस वर्षं मी त्यावरच पोट भरलं.

आमच्या जोडीत डोकं तिचं होतं आणि बोटं माझी. मला टायपिंग येत होतं, तिला सुचायचं. ती मागे बसून सांगायची, मी टाइप करायचो. कधी तिची चूक मी धरायचो, मग ती ओठ चावून म्हणायची, "बरोबर हाय तुमचं." तेवढं मला आठवडाभर पुरायचं. प्रेम वगैरे नव्हतं ते. म्हणजे मला तरी तसं वाटत नाही. एकत्र काम करताना दोघांचं डोकं एकाच जागी येतं, त्याचं सुख होतं. ते मला पुढे नोकरीतही फार थोड्या वेळा मिळालं.

वर्षाअखेर प्रोजेक्ट होता. बाकीच्यांनी दुकानाचं बिल, शाळेचा निकाल असे नेहमीचे विषय घेतले. तिने वस्तीतल्या मुलांच्या लसींचा विषय काढला. दवाखान्याची सिस्टर महिन्यातून एकदा वही घेऊन वस्तीत यायची, पण कोणत्या पोराचा कोणता डोस राहिला हे त्या वहीतून शोधता शोधता दुपार व्हायची. "नुसतं बटण दाबलं की या महिन्यात कोणाची पाळी ते यायला पाहिजे," ती म्हणाली. जन्मतारीख घालायची, बाकीचं मशीन मोजेल. सोपं होतं. पण वस्तीत फिरून ती आली ती डोकं धरूनच.

"तारीख कोणाला म्हाईतच नाही हो. कोणी म्हणतंय पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला. कोणी म्हणतंय चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत कळा आल्या. आता ते कसं टाइप करायचं?"

मी म्हटलं, "अंदाजे टाकू."

"अंदाजे डोस देतेत का?"

दोन दिवसांनी ती जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा घेऊन आली. गेल्या पाच वर्षांतल्या सणांच्या आणि जयंत्यांच्या तारखा तिने वहीत उतरवल्या होत्या. जन्मतारीख माहीत नसेल तर आमचा प्रोग्रॅम विचारणार होता, कोणत्या सणाच्या आसपास? किती दिवस आधी, किती दिवस नंतर? आणि त्यावरून तारीख काढणार होता. सरांनी वही पाहिली, परत पहिल्या पानावर गेले, आणि सही करायच्या ऐवजी नुसते तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्या कंपनीला दोन ट्रेनी हवेत. परीक्षेला साहेब स्वतः येणार आहेत. हा प्रोजेक्ट त्यांना नीट दाखवा. बाकी मी बोलत नाही."

दोन ट्रेनी, आणि चार नंबरवर आम्ही दोघं. त्या संध्याकाळी जिन्यावरून उतरताना दोघांनाही तोच हिशेब कळला होता.

आता माझी गोष्ट.

वाशीला माझा एक मावसभाऊ एका ऑफिसात कामाला होता. तिथल्या कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम होता. मला तो हवा होता. प्रोग्रॅम साठवायच्या आमच्या चौकोनी फ्लॉप्या लॅबमधल्या लाकडी पेटीत, नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या असत, आणि त्या बाहेर न्यायच्या नाहीत असा कडक नियम होता. माझी फ्लॉपी भरलेली होती. तिचीत जागा होती. एका शुक्रवारी मी तिची फ्लॉपी शर्टाच्या आत घालून वाशीला नेली आणि गेम भरून आणला. शनिवारी दुपारी सरावाच्या वेळेत लॅबमध्ये मी एकटा होतो. अर्धा तास गाडी पळवली. मग गेम पुसला, फ्लॉपी पेटीत जागच्या जागी ठेवली. कोणाला पत्ता नाही. तिलाही नाही.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही प्रोजेक्ट चालवत होतो. अचानक स्क्रीनवरचं एक अक्षर सुटलं आणि खाली पडलं. मग दुसरं. बघता बघता मुलांची नावं, तारखा, सगळं खडाखडा खाली कोसळायला लागलं आणि स्क्रीनच्या तळाशी अक्षरांचा ढीग झाला. दोन नंबरवरचा पोरगा ओरडला, "अगं, तुझ्या खाणीतला सुरुंग इथं फुटला की काय!"

सगळे हसले. ती पण हसली. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी सरांनी कंपनीतून व्हायरस शोधणारी फ्लॉपी आणली. मशीन तपासली, पेटीतल्या सगळ्या फ्लॉप्या तपासल्या. तीन बिघडलेल्या निघाल्या. त्यांच्यावरच्या फाइलींच्या तारखा लावून पाहिल्यावर सगळ्यांत पहिली तिची होती. कॉलेजच्या व्यवस्थापक बाई तोवर वर आल्या होत्या. सरांनी फ्लॉपी हातात धरून विचारलं, "ही कोणी बाहेर नेली होती?"

तेवढ्यात ती उभी राहिली.

"सर, मी नेली होती. मागच्या आठवड्यात. घरी."

मला काही कळेना. मग ती सांगत गेली तसं कळलं. वडिलांना दाखवायला नेली होती. आपली पोरगी रोज संध्याकाळी जाऊन काय करते ते त्यांना समजत नव्हतं. म्हणून तिने धुतलेल्या दुधाच्या पिशवीत गुंडाळून ती घरी नेली, आणि सांगितलं की बाबा, आपल्या वस्तीतली सगळी पोरं या एवढ्याशात आहेत. वडील नुकतेच खाणीतून आले होते. त्यांनी ती हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली.

"त्यांच्या हाताला धूळ होती सर. मी नंतर ओल्या फडक्यानं पुसली पण. नीट पुसली होती. तरी राहिली असंल."

दारातून मामा म्हणाले, "मी सांगत व्हतो ना, धुलीनच होतं." मागून कोणीतरी हसलं.

सरांनी तिला विचारलं, "तुमच्या घरी कॉम्प्युटर आहे?"

"नाही सर."

"शेजारी कोणाकडे?"

"आमच्याकडं लाइटच मागच्या वर्षी आली सर."

सरांनी फ्लॉपी टेबलावर ठेवली. त्यांना माहीत होतं. व्हायरस हातातून जात नाही, एका मशीनमधून दुसऱ्या मशीनमध्ये जातो, हे त्या खोलीत त्यांना माहीत होतं आणि मला. मला अशासाठी की पुस्तकातलं व्हायरसचं प्रकरण मी तोवर वाचलं होतं. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "आणखी कोणाला काही सांगायचंय?" असं म्हणताना त्यांची नजर माझ्यावर थांबली की तो माझाच भास, ते मला आजही ठरवता येत नाही.

मी मान खाली घालून वहीत रेघा मारत बसलो.

मी घाबरलो होतो असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. काढून टाकतील, वडील काय म्हणतील, नोकरी जाईल. यातलं थोडं खरं आहे. पण खरं कारण याहून क्षुल्लक होतं. ती उभी राहून वस्तीतल्या पोरांबद्दल बोलत होती, आणि मला उठून म्हणावं लागलं असतं की मी गेम खेळत होतो. मला लाज वाटली. बस, एवढंच.

व्यवस्थापक बाईंनी निकाल दिला. नियम तिने मोडला आहे, स्वतःच कबूल करते आहे, तेव्हा परीक्षेपर्यंत आणि परीक्षेतही मशीनला हात लावायचा नाही. सर त्यांच्यामागे ऑफिसात गेले, बराच वेळ बोलत होते, आणि तसेच परत आले. मशीन साफ झाली. प्रोजेक्टची एक प्रत माझ्या फ्लॉपीवर होती, ती बचावली. पुढचे पाच-सहा आठवडे ती वर्गातल्या बाकावर बसून कागदावर लिहायची आणि मी आत जाऊन ते टाइप करायचो. काही अडलं की दाराशी येऊन विचारायचो. ती उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून सांगायची. एकदाही कुरकुर केली नाही. उलट म्हणाली, "तुमचं पण नुकसान झालं असतं माझ्यापायी. सॉरी हं."

ती मला सॉरी म्हणाली. मी म्हटलं, "चालतं हो."

परीक्षेला कंपनीचे साहेब आले. प्रोजेक्ट मशीनवर मी चालवून दाखवला. तिची फक्त तोंडी परीक्षा झाली, दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या परीक्षकांपुढे. सणांवरून तारीख निघाली तेव्हा साहेब खुर्चीत पुढे सरकले. "हे कोणाला सुचलं?"

"काम करता करता निघालं, सर," मी म्हणालो.

दोन जागांपैकी एक मला मिळाली, दुसरी दोन नंबरवरच्या पोराला. प्रॅक्टिकलचे मार्क नाहीत म्हणून तिचं नाव यादीतच गेलं नाही. निकालाच्या दिवशी तिने पेढा घेतला, माझं अभिनंदन केलं, आणि तिचे वडील खाली थांबलेत म्हणून लगेच गेली. गॅलरीतून मी त्यांना पाहिलं. धुतलेला पांढरा शर्ट घातलेला एक बारका माणूस फाटकाबाहेर उभा होता. आत आला नव्हता.

त्यानंतर माझं सगळं चांगलं झालं, हे लपवण्यात अर्थ नाही. महाप्याची नोकरी टिकली, मग दुसरी मिळाली. वडिलांनी रिटायर होताना सगळ्यांना सांगितलं की पोरगा सॉफ्टवेअरमध्ये आहे. लग्न झालं, मुलगा झाला. कामाचा मला कधी कंटाळा आला नाही. मी समाधानी माणूस आहे, आणि ते समाधान खोटं नाही.

मुलगा दीड महिन्याचा असताना त्याला लस द्यायला आम्ही महापालिकेच्या दवाखान्यात गेलो होतो. खिडकीत कॉम्प्युटरपुढे ती बसली होती. अंगाने जरा भरलेली, डोळ्यांवर चष्मा. कार्डावरचं आडनाव वाचून तिने वर पाहिलं आणि केवढ्यांदा हसली. "अय्या! तुम्ही?" बायकोला म्हणाली, "वहिनी, यांना पहिला लूप मी चालून दाखवलाय बरं का." तिने सांगितलं की डिप्लोमानंतर दोन-तीन वर्षं इकडेतिकडे काढल्यावर इथे लागली, आता कायम झाली. लग्न झालंय, मुलगी आहे, घर कोपरखैरण्याला. मला फार बरं वाटलं. वाटलं, चला, तिचंही काही बिघडलं नाही.

बायको मुलाला घेऊन आत गेली. तशी ती जरा हळू म्हणाली, "एक विचारू? इथं ट्रेनिंगला गेले तेव्हा कळलं मला, व्हायरस काही धुळीनं येत नाही. मग तो कुठून आला असंल हो तेव्हा?"

"काय माहीत," मी म्हणालो.

"तेच ना. पण बाबांना कुठं ते पटवून देणार? तोवर ते गेलेच होते. 'माझ्या हातामुळं पोरीची नोकरी गेली', हेच धरून बसले ते. त्या दिवसापासून माझ्या कुठल्या कागदाला हात लावला नाही. माझं नेमणुकीचं पत्र आलं ना, तेव्हासुद्धा म्हणाले, तूच धर, मी लांबून बघतो."

ती सांगताना हसतच होती. मागे रांग वाढली होती. तिने मुलाच्या पुढच्या डोसची तारीख कार्डावर लिहिली, कार्ड माझ्या हातात दिलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. मी बाजूला झालो.

त्यानंतर मुलाच्या सगळ्या लसींना बायकोच गेली. मी कामाचं कारण सांगत राहिलो.

तिच्या वडिलांचं देणं आता फिटणार नाही. ते ज्याला द्यायचं तो माणूस राहिला नाही. तिचं देणं फिटण्यासारखं आहे, ती याच शहरात आहे. तुमच्या बाबांच्या हाताने काही झालं नव्हतं, फ्लॉपी मी नेली होती, हे मला तिच्यासमोर उभं राहून सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.